मेंढीची ग्रंथी आणि लाल दिवा

शेतातून, गोठ्यातून, स्वयंपाकघरातून जिथून कुठून ऐकत असाल, तिथून जरा कान इकडे द्या.

आजचा विषय गळ्याशी आहे. बहुतेक बचत गटांत आता एखादी तरी थायरॉईडची गोळी घेणारी मैत्रीण असते. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, ती पांढरी बारीक गोळी. "जन्मभर घ्यावी लागेल," असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, आणि ते ऐकून कुणालाही नको वाटतं. अशात मोबाईलवर जाहिरात येते. एक लाल प्रकाशाचा दिवा. रोज दहा-पंधरा मिनिटं गळ्यावर धरा, थायरॉईड पुन्हा कामाला लागेल, गोळी सुटेल. दिव्याची किंमत काही हजारांत. मग गटाच्या बैठकीत प्रश्न निघतो, "ताई, घ्यावा का हो दिवा?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येईल. पण नुसतं "घ्या" किंवा "घेऊ नका" सांगितलं, तर पुढच्या जाहिरातीला आपण पुन्हा तिथेच उभ्या. म्हणून आज मी तुम्हाला गोळीचा इतिहास सांगणार आहे आणि दिव्याचाही. गंमत अशी, की दोन्ही उपचार जन्मले ते एकाच दशकात, सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी. पुढे त्यांच्या वाटा कशा वेगळ्या झाल्या ते कळलं, की दिव्याचं काय करायचं हे तुमचं तुम्हीच ठरवाल.

आळशी नव्हे, आजारी

थायरॉईड म्हणजे अवटू ग्रंथी. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी बसलेली. ती एक रस तयार करून रक्तात सोडते आणि त्या रसावर सगळ्या शरीराची आच ठरते. चुलीतलं जळण कमी पडलं की भाकरी भाजायला वेळ लागतो, तसं हा रस कमी पडला की सगळं मंदावतं. थकवा येतो, थंडी सोसवत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, कातडी कोरडी पडते, अंगावर सूज येते, पाळीत जास्त जातं, वजन वाढतं, बोलणंही संथ होतं.

ही लक्षणं असलेल्या बाईला घरात काय ऐकावं लागतं? "आळशी झाली आहे." "बसून खाते म्हणून फुगली." दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या बायकांचंही फार वेगळं नसणार. १८७३ साली लंडनच्या विल्यम गल नावाच्या डॉक्टरांनी अशा काही प्रौढ स्त्रियांचं वर्णन वैद्यकीय सभेत मांडलं. चेहरा सुजलेला, जीभ जड, मन आणि हालचाल मंद. हा आजार आहे, स्वभाव नाही, एवढं त्यातून पक्कं झालं. कारण मात्र कळलेलं नव्हतं.

कारण कळलं ते स्वित्झर्लंडमध्ये, आणि एका चुकीच्या समजुतीतून. तिथल्या डोंगराळ भागात गलगंड फार. बर्न शहरातले शल्यचिकित्सक थिओडोर कोखर हे गलगंड कापून काढण्यात निष्णात होते. ही ग्रंथी शरीराला फारशी लागत नसावी, असा त्या काळचा समज. म्हणून काही रुग्णांची ती पूर्ण काढली जाई. जखम छान भरायची आणि माणूस घरी जायचा. पण कोखर यांनी एक गोष्ट केली, जी पुष्कळजण करत नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना त्यांनी काही वर्षांनी परत बोलावून तपासलं. पूर्ण ग्रंथी काढलेल्या १८ जणांपैकी १६ जण सुजलेले, मंदावलेले, खचलेले आढळले. १८८३ साली त्यांनी हे जाहीरपणे मांडलं आणि पुढे पूर्ण ग्रंथी काढणं टाळलं. लंडनच्या डॉक्टरांच्या समितीनं सगळे पुरावे जुळवून १८८८ मध्ये निष्कर्ष काढला, की त्या मंद, सुजलेल्या स्त्रियांचा आजार आणि ग्रंथी काढलेल्यांचा आजार एकच. ग्रंथीचा रस कमी पडणं हेच मूळ. कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

८७० मेंढ्या आणि एक बाई

मग १८९१ साली इंग्लंडच्या न्यूकॅसल गावात जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी सरळ विचार केला. रस कमी पडतो ना, मग बाहेरून द्यावा. खाटकाकडून मेंढीची ताजी थायरॉईड ग्रंथी आणली, तिचा अर्क काढला, आणि ४६ वर्षांच्या एका आजारी बाईच्या कातडीखाली टोचला. काही महिन्यांत सूज उतरली, बोलणं मोकळं झालं, कामाला हुरूप आला.

ही बाई पुढे २८ वर्षं जगली. १९१९ मध्ये, ७४ व्या वर्षी वारली. मरे यांनी तिचा हिशेब शेवटपर्यंत ठेवला होता. तिला त्या २८ वर्षांत लागलेला अर्क ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथींचा होता! तिची स्वतःची ग्रंथी काही दुरुस्त झाली नव्हती. जे कमी होतं ते रोज भरून काढलं जात होतं, म्हणून ती चालती-बोलती राहिली. "जन्मभर गोळी" म्हणजे काय, ते या बाईच्या आयुष्यात स्पष्ट दिसतं. ती शिक्षा नव्हती. त्या औषधानं तिला २८ वर्षं दिली.

टोचण्याची गरज नाही, खाल्लं तरी चालतं, हे १८९२ मध्येच लक्षात आलं. एका डॉक्टरांनी तर मेंढीची ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, आंबटगोड जेलीसोबत खायला सांगितलं होतं. पण मेंढी-मेंढीत फरक. कधी रस जास्त, कधी कमी. मापात काही राहत नसे.

माप आलं ते पुढच्या पन्नास-साठ वर्षांत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी डुकरांच्या ग्रंथींतून तो रस शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला. त्याला थायरॉक्सिन नाव मिळालं. पुरेसं थायरॉक्सिन गोळा करण्यासाठी त्यांना काही टन ग्रंथी लागल्या आणि हाती आले काही ग्रॅम. १९२७ मध्ये इंग्लंडात हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं, आणि १९४९ पासून लेव्होथायरॉक्सिनची गोळी बाजारात येऊ लागली. तुमच्या डबीतली तीच ही गोळी. तिच्यावर २५, ५०, १०० असे आकडे असतात ते मायक्रोग्रॅमचे. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. मेंढीच्या ग्रंथीपासून इतक्या बारीक मापापर्यंत ही गोळी आली.

मीठ कुणाला उपयोगी, कुणाला नाही

थायरॉईड मंदावण्याची कारणं मुख्यतः दोन. एक आयोडीनची कमतरता. डोंगराळ भागात पावसानं माती धुऊन जाते, तिच्यासोबत आयोडीन जातं, मग धान्यात आणि पाण्यातही ते राहत नाही. आपल्या देशात याचा सर्वांत नावाजलेला अभ्यास झाला हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ, एका भागात साधं मीठ. काही वर्षांनी पाहिलं तर आयोडीनच्या मिठाच्या दोन्ही भागांत गलगंड झपाट्यानं कमी झालेला. साध्या मिठाच्या भागात तसं झालं नव्हतं. यातूनच १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज दुकानातल्या मिठाच्या पिशवीवर हसरा सूर्य असतो ना, त्यामागे कांगड्याच्या लोकांचा वाटा आहे.

त्या प्रयोगातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. तुलनेसाठी एक भाग साध्या मिठाचा ठेवला होता. तो नसता, तर गलगंड मिठामुळे कमी झाला की आपोआप, हे कधीच कळलं नसतं.

दुसरं कारण वेगळं आहे. जपानमधले डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्यात शरीराच्या संरक्षक पेशींची गर्दी दिसली. त्यांच्या निबंधाकडे कित्येक वर्षं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९५६ मध्ये लंडनला डॉ. डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या आजारात शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध लढत असतं. कुंपणानंच शेत खावं, तसं. ज्या घरांत आयोडीनचं मीठ पोचलं आहे, तिथे थायरॉईड मंदावण्याचं मोठं कारण आता हेच आहे, आणि ते पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त. मिठानं हा आजार बरा होत नाही. लाल दिव्याचा दावा याच आजाराबद्दल आहे.

दिव्याची गोष्ट

आता दिव्याकडे वळू. प्रकाशानं आजार बरा होतो, ही गोष्ट खोटी नाही. उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, नवजात बाळाची कावीळ निळ्या दिव्याखाली उतरते, हे आपण तालुक्याच्या दवाखान्यातही पाहतो.

डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन या डॉक्टरांपासून नव्या प्रकाशोपचाराची सुरुवात मानतात. स्वतः कायम आजारी असलेला हा माणूस. उन्हात बसल्यावर बरं वाटतं, तर उन्हात नेमकं असतं काय, याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांचे दोन प्रयोग सांगते. एक फसला आणि एक यशस्वी झाला.

पहिला प्रयोग लाल प्रकाशाचाच होता. देवीच्या रोग्याला लाल कपड्यात गुंडाळायचं, लाल पडदे लावायचे, ही युरोपातली फार जुनी रीत, चौदाव्या शतकापासूनची. आपणही या रोगाला देवी म्हणायचो आणि आपल्या परीनं रिती पाळायचो. फिन्सेन यांनी १८९३ मध्ये सुचवलं, की रोग्याला लाल प्रकाशाच्या खोलीत ठेवलं तर उन्हातले जाळणारे किरण लागणार नाहीत आणि व्रण कमी पडतील. पुष्कळ ठिकाणी लाल खोल्या झाल्या. पण नंतर इतर डॉक्टरांनी पडताळून पाहिलं, तेव्हा लाल खोलीतले आणि साध्या खोलीतले रोगी यांच्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. लाल खोल्या बंद पडल्या. देवी गेली ती लस टोचल्यानं.

दुसरा प्रयोग चेहऱ्याच्या क्षयाचा. या रोगात नाक, गाल कुरतडल्यासारखे व्हायचे. बाई असो की पुरुष, तोंड लपवून जगावं लागे. फिन्सेन यांनी प्रखर दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटून त्या जागी पाडला. परिचारिका काळे चष्मे लावून, पाण्यानं गार ठेवलेलं भिंग रोग्याच्या कातडीवर दाबून तास-तासभर बसत. रोज, महिनोन् महिने. १८९६ मध्ये कोपनहेगनला त्यांची संस्था उभी राहिली. प्रत्येक रोग्याची नोंद, आधीचं छायाचित्र, नंतरचं छायाचित्र. शेकडोजणांचे चेहरे भरून आले. १९०३ मध्ये फिन्सेन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी ते वारले.

माणूस तोच, विद्या तीच. एक उपचार टिकला, एक टिकला नाही. निवाडा नोंदींनी आणि पडताळणीनं केला. फिन्सेन यांच्या नावाला कुणी कौल दिला नाही.

मुंबईचे दिनशा घडियाली

याच प्रकाशाच्या कथेत एक आपल्याकडचा माणूस आहे. दिनशा पेस्तनजी घडियाली, मुंबईत १८७३ साली जन्मलेले पारशी गृहस्थ. हुशार, खटपटे, बोलण्यात वाकबगार. अमेरिकेत एडविन बॅबिट नावाच्या लेखकानं १८७८ मध्ये रंगीत प्रकाशाच्या गुणांवर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. त्या विचारांनी घडियाली भारावले. एका मरणासन्न स्त्रीला आपण रंगीत प्रकाशानं बरं केलं, असं ते सांगत. १९११ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी आपलं यंत्र आणलं. नाव स्पेक्ट्रो-क्रोम. आत मोठा विजेचा दिवा, पुढे रंगीत काचा सरकवायच्या. बस, एवढंच. प्रत्येक आजाराला त्यांनी रंग नेमून दिले होते. थायरॉईडलाही! ती मंद असेल तर नारिंगी, जास्त चालत असेल तर गर्द निळा. म्हणजे गळ्यावर रंगीत दिवा धरण्याची ही कल्पना मोबाईलच्या जाहिरातीहून शंभर वर्षं जुनी आहे.

यंत्रं हजारोंनी विकली गेली. घेणारे लोक मूर्ख नव्हते. कुणी मधुमेहानं, कुणी क्षयानं, कुणी भाजल्यानं त्रासलेले, दवाखान्याच्या खर्चानं आणि शस्त्रक्रियेच्या भीतीनं गांजलेले. घरच्या घरी, न दुखता, एकदाच पैसे टाकून बरं होता येईल, असं कुणी सांगितलं तर कुणाला नको वाटेल? १९३१ मध्ये त्यांच्यावर फसवणुकीचा खटला झाला, तेव्हा एका नामांकित महिला शल्यचिकित्सकेनं त्यांच्या बाजूनं साक्ष दिली आणि ते सुटले. चांगली माणसंही डोळ्यांनी पाहिलेल्या गुणावर विश्वास ठेवतात.

पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला. औषधासारखंच उपचाराच्या यंत्रांवरही खोटे दावे लिहिता येणार नाहीत, असं ठरलं. पुन्हा खटला उभा राहिला. सरकारी माणसांनी घडियालींच्याच पुस्तकातले "बरे झालेले" रुग्ण शोधून काढले. कुणी त्याच आजारानं मेलेलं, कुणी अजून अंथरुणात. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसांना ते बंद करून दिव्यावर बसा, असं सांगितलं जाई. १९४७ मध्ये न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं आणि २०,००० डॉलर दंड केला.

मैत्रिणींनो, रंगीत काचेतून आलेल्या प्रकाशानं त्या माणसांना काही इजा केली नव्हती. इजा झाली ती चालू औषध बंद केल्यानं. आजच्या विषयातला खरा धोका हाच आहे.

उंदराच्या पाठीवरचे केस

घडियालींचं प्रकरण झालं म्हणून लाल प्रकाशाचा विषय संपला नाही. १९६० मध्ये लेसरचा शोध लागला. १९६७ मध्ये हंगेरीच्या बुडापेस्ट शहरात डॉ. एंद्रे मेस्टर यांना एक शंका होती, की लेसरनं कर्करोग तर होणार नाही ना? त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे मंद लाल लेसर टाकला. कर्करोग झाला नाही. उलट, लेसर टाकलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले! मग त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर हा प्रकाश वापरून पाहिला. तिथून लाल प्रकाशाचा नवा अभ्यास सुरू झाला. पेशीत ऊर्जा तयार करणारी छोटी घरं असतात, त्यांच्यावर या किरणांचा परिणाम होतो, असं आज बरेच संशोधक मानतात. पुढे एलईडी दिवे स्वस्त झाले आणि प्रयोगशाळेतली गोष्ट दुकानात आली.

ब्राझीलच्या ४३ रुग्णांचा हिशेब

थायरॉईडबद्दल सगळ्या जाहिराती ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो अभ्यास ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठात झाला आणि २०१३ मध्ये छापून आला. तो नीट समजून घेऊ.

शरीरच ग्रंथीविरुद्ध लढतं, त्या आजाराचे ४३ रुग्ण घेतले. सगळे लेव्होथायरॉक्सिनवर. कांगड्यासारखेच गट केले. २३ जणांच्या गळ्यावर लेसर सोडला. २० जणांच्या गळ्यावर तसंच यंत्र ठेवलं, पण किरण सोडला नाही. कोण कुठल्या गटात, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. पाच आठवड्यांत दहा वेळा उपचार झाला. त्यानंतर महिन्याभरानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली सगळ्यांची गोळी थांबवली, आणि रक्त तपासत तपासत, ज्याला लागेल त्याला लागेल तेवढी पुन्हा सुरू केली.

नऊ महिन्यांनी काय दिसलं? लेसर मिळालेल्या २३ पैकी ११ जणांना गोळी लागली नाही. उरलेल्या १२ जणांना लागली. गोळीची सरासरी मात्रा लेसरच्या गटात साधारण ३९ मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्या गटात साधारण १०७. हा फरक लहान नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर ही आशा वाटावी अशी गोष्ट आहे.

पण आता आपल्या घरच्या दिव्याशी ताडून बघा. तिथला किरण ८३० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल रंगाच्याही पलीकडचा. तो डोळ्यांना दिसतच नाही. आपण "लाल" म्हणून बघतो तो प्रकाश वेगळा. तिथे वैद्यकीय लेसर होता, ग्रंथीवर नेमक्या जागी, मोजलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या हातून दिलेला. इथे दिवा किती अंतरावर धरला, आत किती प्रकाश पोचला, हे मोजणारं कुणी नाही. तिथे रुग्ण ४३. कांगड्याच्या खोऱ्यात लाखभर माणसं होती. आणि तिथेही अर्ध्याहून जास्त जणांना लेसरनंतर गोळी लागलीच. ही गोष्ट त्यांना कळली, कारण रक्त तपासलं जात होतं. म्हणूनच थायरॉईडच्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटना आजही उपचार म्हणून गोळीच सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, "पण अमकीला दिव्यानं गुण आला, तिनं स्वतः सांगितलं." आला असेल. पण एक लक्षात घ्या. बाळंतपणानंतर काही बायकांची थायरॉईड बिघडते आणि त्यातल्या बऱ्याचजणींची वर्षभरात आपोआप ठीक होते. तपासणीत टीएसएचचा आकडा थोडासा वाढलेला असेल, तर तोही काही वेळा पुढच्या तपासणीत आपोआप उतरतो. त्या काळात दिवा लावला असेल तर श्रेय दिव्याला जातं, अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला. साध्या मिठाचा गट का लागतो, ते आठवा.

मग आपण काय करायचं?

दिवा घ्यायचाच नाही, असं मी म्हणणार नाही. पैसा तुमचा, अंग तुमचं. पण या इतिहासातून निघणाऱ्या काही गोष्टी गटाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि अर्धीही करायची नाही. गोळी बंद केल्यावर लगेच काही होत नाही, कारण आधीचं औषध अंगात काही आठवडे टिकतं. त्यामुळे "बघा, दिव्यावर चाललं की" असं वाटतं. मग हळूहळू सूज, थकवा, हृदयावर ताण, आणि फारच दुर्लक्ष झालं तर शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ जाते. ज्या मैत्रिणीला दिवस गेले आहेत, तिनं तर गोळीचा एक दिवसही चुकवू नये. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते. गरोदरपणात बहुतेकींची मात्रा वाढवावी लागते, म्हणून पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना सांगा.

दुसरी, दिवा वापरायचा असेल तर आधी टीएसएचची तपासणी, आणि दोन महिन्यांनी पुन्हा. मात्रा कमी करायची का, ते आकडा बघून डॉक्टर ठरवतील. "बरं वाटतंय" हे आकड्याच्या जागी चालणार नाही.

तिसरी, गळ्यात गाठ लागत असेल, गिळताना अडकत असेल, आवाज बसला असेल, किंवा कर्करोगावर उपचार झालेले असतील, तर दिवा लावण्याआधी गळा डॉक्टरांना दाखवा. दिव्याकडे थेट बघू नका. लहान मुलांच्या हाती देऊ नका.

चौथी, दिव्यासाठी गटातून कर्ज काढू नका. लेव्होथायरॉक्सिनची रोजची गोळी एका कप चहाहून स्वस्त पडते. जनऔषधी दुकानात विचारा, सरकारी दवाखान्यात विचारा.

पाचवी सगळ्यात साधी आणि सगळ्यात कामाची. कित्येकजणींना गोळी घेऊनही गुण येत नाही, आणि मग त्या दिव्याकडे वळतात. आधी गोळी कशी घेता ते बघा. उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा, दूध, नाश्ता यांच्या अर्धा ते एक तास आधी. आणि आशाताई ज्या लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या देतात त्या तर थायरॉईडच्या गोळीसोबत मुळीच नाहीत. दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह त्या गोळीला आतड्यात अडवून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. थायरॉईडची गोळी पहाटे, लोहाची रात्री जेवणानंतर, एवढा बदल केला तरी कुणाचा आकडा सुधारू शकतो. त्याला पैसा लागत नाही.

आपण गटात पै-पैचा हिशेब वहीत लिहितो. तशीच एक वही थायरॉईडची करा. तारीख, टीएसएचचा आकडा, गोळीची मात्रा, पाळी, थकवा, आणि कुणी दिवा वापरत असेल तर तोही. न्यूकॅसलच्या त्या बाईचा २८ वर्षांचा हिशेब मरे यांनी ठेवला होता, म्हणून आज आपल्याला तो माहीत आहे. पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा ही वही सोबत न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा.

वही सुरू केलीत तर पत्रानं नक्की कळवा.